डोंगरगावचा चित्रपट-महोत्सव आणि 'साबर बोंडं'

मराठी चित्रपटाला परदेशात मिळालेल्या मानाची चर्चा बहुधा पारितोषिकाच्या नावाने सुरू होते आणि तेथेच संपते. १९३७ साली 'संत तुकाराम' व्हेनिसला नावाजला गेला. २०१४ साली 'कोर्ट'ला व्हेनिसला आणि 'किल्ला'ला बर्लिनला पारितोषिके मिळाली. या गोष्टी सर्वश्रुत आहेत. परंतु ज्या प्रेक्षकवर्गापुढे हे चित्रपट दाखविले गेले त्याच्यापर्यंत त्यांतील काय पोहोचले आणि काय वाटेत गळाले, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. रोहन परशुराम कानवडे यांच्या 'साबर बोंडं' या चित्रपटाच्या बाबतीत तो टाळता येण्यासारखा नाही. सनडान्स महोत्सवात दाखविला गेलेला हा पहिला मराठी कथाचित्रपट. जागतिक कथाचित्रपट विभागातील परीक्षक-मंडळाचे सर्वोच्च पारितोषिक त्याला २०२५ साली तेथे मिळाले.

व्हेनिस हे समुद्रकाठचे नगर, बर्लिन ही राजधानी. सनडान्सचे स्थान निराळे आहे. अमेरिकेतील यूटा राज्यात सुमारे सात हजार फूट उंचीवर वसलेले पार्क सिटी हे गाव चांदीच्या खाणींवर उभे राहिले आणि खाणी थंडावल्यावर बर्फावरील खेळांवर जगू लागले. कायम वस्ती सुमारे आठ हजारांची. सॉल्ट लेक सिटी येथे १९७८ साली सुरू झालेला महोत्सव १९८१ साली येथे आला आणि पुढे रॉबर्ट रेडफर्ड यांच्या संस्थेने तो आपल्याकडे घेतला. २०२७ पासून तो कोलोरॅडोतील बोल्डर येथे नेण्याचा निर्णय २०२५ च्या मार्चमध्ये जाहीर झाला. तेही रॉकी पर्वताच्या पायथ्याचेच गाव.

जानेवारीच्या कडाक्यात येथे येणारा प्रेक्षक वाट वाकडी करून सहज चित्रगृहात डोकावलेला नसतो. तो दूरवरून आलेला असतो. बर्फातून चालत, महोत्सवाच्या गाड्यांतून हिंडत, रांगेत तिष्ठत तो एकामागून एक चित्रपट पाहतो. त्याचे घर, कचेरी, नेहमीचा दिनक्रम खाली सपाटीवर राहिलेला असतो. २०२५ चा महोत्सव २३ जानेवारी ते २ फेब्रुवारी असा अकरा दिवस चालला. आणि 'साबर बोंडं'ची कथा सुतकाच्या दहा दिवसांची! हा योगायोगच खरा; पण नेहमीच्या व्यवहारातून काही दिवस बाजूला काढलेल्या माणसाची मनःस्थिती समजण्यास असा प्रेक्षक अधिक पात्र असतो, असे म्हणण्यास हरकत नसावी.

वडिलांच्या मृत्यूनंतर मुंबईत नोकरी करणारा आनंद आईसह मूळ गावी येतो. दहा दिवस गावातच राहावयाचे, अनवाणी वावरावयाचे, खाण्यापिण्याची बंधने पाळावयाची. भेटीस येणारे नातलग शोक करतात आणि त्याच दमात त्याच्या लग्नाचा विषय काढतात. आनंदचे मन पुरुषाकडे ओढ घेणारे आहे, हे त्याच्या आईवडिलांना ठाऊक होते आणि त्यांनी ते स्वीकारलेही होते; गावाला ते सांगता येत नाही. लग्नासाठी तगादा सोसणारा बालमित्र बाळ्या त्याला येथे पुन्हा भेटतो. २०१६ साली वडील वारल्यानंतर आलेल्या अनुभवातून कानवडे यांना ही कथा सुचली.

या चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही. कॅमेरा बहुतेक ठिकाणी स्थिर असतो, आणि पात्रे बोलून झाल्यावरही दृश्य संपत नाही. हे केवळ शैलीचे वैशिष्ट्य नव्हे. सुतकात वेळ असाच जातो: करण्यासारखे काही नसते आणि उठून जाताही येत नाही. सुतकाचे नियम पडद्यावर कोणी समजावून सांगत बसत नाही; ते पाळताना होणाऱ्या अडचणीतून कळतात. म्हणूनच सुतक हा शब्द कधी न ऐकलेल्या प्रेक्षकालाही ते बंधन जाणवते. पारितोषिकाचे श्रेय विषयाच्या धाडसापेक्षा या संयमाला अधिक द्यावयास हवे.

जे गळाले ते भाषेत आहे. मूळ नावातील 'बोंडं' हा गावरान शब्द निवडुंगाच्या काट्यांसह येतो. इंग्रजी नावात फळ राहिले, बांधावरची बोली गेली. कोण कोणाला एकेरीत बोलते, कोणाला आदरार्थी, कोण नात्याच्या नावाने हाक मारते, यावरून मराठी माणूस घरातील उतरंड क्षणात ओळखतो. तळओळींत या सर्वांस एकच सर्वनाम. दोन मित्रांमधील 'तू' आणि वडीलधाऱ्याने दटावून उच्चारलेला 'तू' यांतील अंतर डोंगरावरच्या प्रेक्षकाला केवळ स्वरावरून ताडावे लागले.

ही उणीव किती मोठी, हे वसई-विरारच्या प्रेक्षकाच्या दृष्टीने पाहिले असता कळते. नायगावच्या बाजूला मालिकांची नेपथ्ये उभी राहतात आणि वसईचा किल्ला अनेकदा पडद्यावर आला. परंतु पार्श्वभूमी म्हणूनच. तेथील लोकांची गोष्ट क्वचितच सांगितली गेली. २०११ च्या जनगणनेत बारा लाखांहून अधिक वस्ती नोंदलेल्या या शहरात कोकणातून, घाटावरून आलेली अगणित कुटुंबे आहेत. मृत्यू येथे घडला तरी दहाव्यासाठी गावाची गाडी धरावयाची, हे त्यांच्या अंगवळणी पडलेले आहे. आणि जे येथील मूळचे, त्या सामवेदी वा वाडवळी बोलणाऱ्यांना घरची बोली लोकलच्या डब्यात चढताच बदलण्याची सवय आहे. आपले खरे बोलणे कोठे बोलावे आणि कोठे गिळावे, हा आनंदचा प्रश्न या प्रेक्षकाला तळओळींवाचून कळेल.

तोच प्रेक्षक एक दोषही दाखवील. लग्नाचा विषय काढणारे नातलग पुढे पुढे एकसुरी होतात. आनंद, त्याची आई आणि बाळ्या यांना जो अवकाश मिळतो तो त्यांपैकी एकालाही मिळत नाही. त्यांच्या आग्रहामागे माया असते, भीती असते, आपल्या पोरांची चिंता असते. ती येथे पुरेशी उमटत नाही. परक्या प्रेक्षकाला हे नातलग म्हणजे समाज वाटून जातात. मराठी प्रेक्षक मात्र त्यांत स्वतःची आत्या नि मामा शोधू लागतो, आणि त्याला ते सापडत नाहीत.

चित्रपट १९ सप्टेंबर २०२५ रोजी भारतातील चित्रगृहांत आला, पार्क सिटीनंतर जवळजवळ आठ महिन्यांनी. या काळात त्याच्याविषयी लिहिले गेलेले बहुतांश तळओळी वाचून लिहिलेले होते.