‘स्वतः’ कोण? : तीन स्मृतिग्रंथांतील दुःख व आत्मशोध यांचा भाषिक विचार

आत्मचरित्राचे समीक्षण करताना एक समजूत वारंवार गृहीत धरली जाते. आयुष्यात मोठा आघात होतो, लेखक तो शब्दांत मांडतो, मांडल्याने मन हलके होते आणि अखेरीस त्यास आपल्या खऱ्या स्वरूपाची ओळख पटते, अशी ही समजूत आहे. मराठी स्त्रियांच्या स्मृतिग्रंथांविषयी तर ती जवळजवळ सिद्धान्तासारखी वापरली जाते. वैधव्य, विरह, धर्मान्तर, बहिष्कार ह्यांतून गेलेल्या स्त्रीने लेखणी हाती घेतली की तिचे दुःख निवाले आणि तिला स्वतःचा शोध लागला, असे म्हणून समीक्षक मोकळा होतो. ह्या समजुतीत तथ्यांश नाही असे नव्हे. परंतु दुःख निवाले हे वाचकास कशावरून कळते आणि सापडलेला ‘स्वतः’ ग्रंथात नेमका कोठे दिसतो, हे प्रश्न तिने टाळलेले असतात. त्यांची उत्तरे ग्रंथाच्या भाषेतच शोधावी लागतील.

प्रथम शब्दांचा विचार करू गेल्यास, दुःखातून बाहेर येण्याच्या प्रक्रियेस मराठीत दोन प्रकारची क्रियापदे आहेत. ‘जखम भरते’, ‘दुःख ओसरते’, ‘मन निवते’ हा एक प्रकार. येथे घडणारी गोष्ट आपोआप घडते; दुःखी मनुष्य तिचा कर्ता नसतो. दुसरा प्रकार ‘सावरणे’ ह्या क्रियापदाचा. पदर सावरावा, तोल सावरावा, पडते घर सावरावे, त्याचप्रमाणे मन सावरावे. सावरण्यात दोष नाहीसा होण्याची कल्पना नाही. ढळू पाहणारे काही हाताने धरून जागेवर आणण्याची आहे. शिवाय ‘तिने स्वतःला सावरले’ ह्या वाक्यात कर्ता आणि कर्म एकच असून कर्माच्या जागी आत्मवाचक शब्द येतो. मराठी रूढीने दुःखनिवृत्तीचा आणि आत्मवाचक शब्दाचा संबंध असा जोडून ठेवला आहे.

येथे एका सोप्या चुकीपासून सावध राहिले पाहिजे. मराठीत अनुभव घेणारा मनुष्य पुष्कळदा चतुर्थीत येतो : ‘मला दुःख झाले’, ‘मला वाटले’, ‘मला आठवते’. ह्यावरून एखाद्या लेखिकेच्या ‘मला’ची संख्या मोजून तिच्या अगतिकतेचे आणि ‘मी’ची संख्या मोजून तिच्या स्वातंत्र्याचे अनुमान काढण्याचा मोह होतो. हे अनुमान टिकणारे नाही. ‘मला आठवते’ ही रचना भाषेने ठरविलेली आहे. अत्यंत स्वतंत्र वृत्तीच्या पुरुषासही तीच वापरावी लागते. जेथे भाषा लेखकास निवड करू देते, तेथील निवडच पुरावा म्हणून ग्राह्य मानता येते. पतीचा निर्देश कोणत्या शब्दाने करावा, ग्रंथाच्या शीर्षकात कोणते सर्वनाम घालावे, कथन कोठे थांबवावे, ह्या अशा निवडी होत.

ह्या दृष्टीने पहिला ग्रंथ विचारात घ्यावयाचा तो रमाबाई रानडे यांचा ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’. रमाबाईंचा जन्म १८६२ चा. विवाह १८७३ मध्ये, म्हणजे वयाच्या अकराव्या वर्षी झाला. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे १९०१ मध्ये निवर्तले आणि ग्रंथ १९१० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यास गोपाळ कृष्ण गोखले यांची प्रस्तावना आहे. ह्या ग्रंथात पतीचा निर्देश रमाबाई ‘स्वतः’ ह्या शब्दाने करतात, ही गोष्ट प्रत्येक वाचकाच्या लक्षात येते आणि बहुधा जुन्या चालीचा नमुना म्हणून सोडून दिली जाते.

पत्नीने पतीचे नाव घेऊ नये हा निर्बंध सर्वश्रुत आहे. उखाण्याचा प्रसंग हा त्यास अपवाद, आणि तेथेही नाव यमकाच्या आडोशाने घ्यावयाचे. ह्या निर्बंधामुळे मराठी घरांत ‘हे’, ‘इकडून’, ‘तिकडे’, ‘स्वारी’ असे पर्याय रूढ झाले. त्यांपैकी काही दर्शक आहेत, काही दिशावाचक. ‘स्वतः’ मात्र वेगळ्या जातीचा आहे. आत्मवाचक शब्दास सामान्यतः वाक्यात पूर्वपद लागते. ‘त्याने स्वतःचे घर विकले’ ह्यात ‘स्वतः’ कोण हे ‘त्याने’वरून कळते. रमाबाईंच्या वापरात असे पूर्वपद लागत नाही. ‘स्वतः’ हा तेथे विशेषनामाचे काम करतो, आणि कोणाचा ‘स्वतः’ हा प्रश्नच उद्भवत नाही. घरात ‘स्वतः’ एकच असल्यावर पूर्वपदाची आवश्यकता काय?

ह्यावरून रमाबाईंना ‘स्व’ नव्हता असा निष्कर्ष काढणे अन्यायाचे होईल. त्यांच्या ग्रंथातील ‘मी’ अत्यंत जागरूक आहे. पतीकडून अक्षरओळख करून घेणारी, घरातील वडीलधाऱ्या स्त्रियांचा रोष सोसणारी, पुढे इंग्रजी शिकणारी, आपल्या चुका आडपडदा न ठेवता सांगणारी अशी ही ‘मी’ आहे. पाहणे आणि सांगणे ही दोन्ही कामे तीच करते. परंतु आत्मवाचक शब्द तिच्याजवळ नाही. तो दुसऱ्यास दिलेला आहे. म्हणून वैधव्याच्या दुःखातून ‘स्वतःला सावरणे’ ह्या शब्दप्रयोगाचा अर्थ ह्या ग्रंथाच्या भाषेत काही वेगळाच होतो. येथे सावरले जाते ते गेलेल्या माणसाचे अस्तित्व. ग्रंथ रानड्यांच्या मृत्यूपाशी थांबतो. रमाबाई त्यानंतर तेवीस वर्षे जगल्या आणि पुण्याच्या सेवासदनाच्या कार्यात त्यांनी स्वतंत्र कर्तृत्व गाजविले, पण त्या कर्तृत्वाला ‘आमच्या आयुष्यातील’ ह्या शीर्षकात जागा नाही. समीक्षक ज्यास आत्मशोध म्हणतो तो ग्रंथाबाहेर घडला. ग्रंथाने दुसरे कार्य केले : पुढचे आयुष्य ‘मी’ म्हणून जगता यावे, ह्यासाठी मागचे आयुष्य ‘आम्ही’ म्हणून पुरे केले.

दुसरा ग्रंथ आनंदीबाई कर्वे यांचा ‘माझे पुराण’ (१९४४). शीर्षकातील दोन्ही शब्द अर्थपूर्ण आहेत. ‘पुराण’ हा बोलीत लांबलेल्या हकिकतीस लावला जाणारा, किंचित थट्टेचा शब्द; ‘माझे’ हे निःसंकोच एकवचन. येथील आघाताचे स्वरूप निराळे आहे. गोदू जोशी हिचा विवाह बालपणी नातू घराण्यात झाला आणि थोड्याच काळात पती वारला. ज्यास तिने नीट ओळखलेलेही नव्हते त्याच्या मृत्यूने तिचे आयुष्य बदलले. शोक करावा असे माणूस नव्हते. होता तो ‘विधवा’ हा शब्द आणि त्या शब्दामागून येणारे आचार. तेव्हा येथे बरे व्हावयाचे ते शोकातून नव्हे, तर एका संज्ञेतून. पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत काढलेल्या शारदासदनात गोदूबाई पहिली विधवा विद्यार्थिनी म्हणून दाखल झाल्या आणि १८९३ मध्ये धोंडो केशव कर्वे यांच्याशी त्यांचा पुनर्विवाह झाला. गोदूबाई, आनंदीबाई, बाया : प्रत्येक नाव म्हणजे एकेका नात्याने केलेली नवी नोंद. नाव बदलण्याचा प्रकार एकट्या त्यांच्याच वाट्याला आलेला नाही. रमाबाई माहेरी यमुना होत्या. लक्ष्मीबाई टिळक माहेरी मनकर्णिका, म्हणजे मनू होत्या. इतक्या नावांखालून टिकून राहणारा शब्द ‘मी’ हा एकच. ज्या व्यक्तीचे नाव इतरांनी वेळोवेळी बदलले, तिच्या ग्रंथाच्या शीर्षकी ‘माझे’ यावे ह्यात अहंकार पाहणारा वाचक तिचे जीवनच विसरतो.

तिसरा ग्रंथ ‘स्मृतिचित्रे’. लक्ष्मीबाई टिळक (१८६८–१९३६) यांचा हा ग्रंथ १९३४ ते १९३६ ह्या काळात चार भागांत प्रसिद्ध झाला. त्याची जन्मकथा प्रस्तुत विषयास अत्यंत उद्बोधक आहे. रेव्हरंड नारायण वामन टिळक १९१९ मध्ये निवर्तल्यानंतर त्यांच्या चरित्रास उपयोगी पडाव्यात म्हणून चिरंजीव देवदत्त यांनी आईकडे आठवणी मागितल्या. ज्या आठवणी पतीच्या चरित्राची सामग्री व्हावयाच्या, त्या लिहिता लिहिता लेखिकेचे आत्मचरित्र झाल्या. हेतू रमाबाईंचाच होता. फल मात्र भिन्न निघाले.

ह्या भिन्नतेची खूण पतीच्या निर्देशात आहे. लक्ष्मीबाई पतीस आरंभापासून अखेरपर्यंत ‘टिळक’ म्हणतात. अकरा वर्षांची मुलगी सासरी येते त्या प्रसंगीही शब्द तोच. त्या काळी त्या मुलीने तो उच्चारला नसता हे उघड आहे. म्हणजे लिहिणाऱ्या प्रौढ स्त्रीचा शब्द मागे जाऊन त्या मुलीच्या प्रसंगात शिरला आहे. ‘स्वतः’ ह्या शब्दाने पती केंद्रस्थानी बसतो. ‘टिळक’ ह्या शब्दाने तो समोर येऊन उभा राहतो. समोर उभ्या असलेल्या माणसाचे वर्णन करता येते, त्याच्यावर रागावता येते, त्याच्या विसराळूपणाची गंमत सांगता येते. लक्ष्मीबाईंच्या विनोदाची पुष्कळ प्रशंसा झाली आहे. तो विनोद ह्या अंतरामुळे शक्य झाला, ही गोष्ट मात्र तितकीशी सांगितली गेली नाही. शिवाय ‘टिळक’ हे आडनाव लेखिकेचेही आहे. पतीस दूर उभे करणारा शब्दच दोघांस एकत्र ठेवतो.

हे अंतर सुखासुखी लाभलेले नाही. १८९५ मध्ये टिळकांनी बाप्तिस्मा घेतला तेव्हा लक्ष्मीबाईंचा संसार एका दिवसात मोडला. सोवळ्याओवळ्याच्या पराकोटीच्या वातावरणात वाढलेल्या ह्या स्त्रीस पती जिवंत असून वियोग भोगावा लागला. त्यानंतरच्या वर्षांत तिने जातिभेदाचा प्रश्न स्वतःच्या बुद्धीने सोडविला आणि १९०० मध्ये तिने बाप्तिस्मा घेतला. पतीमागून तिने आंधळेपणाने धर्म बदलला असता तर पाच वर्षे लागली नसती. ह्या पाच वर्षांत ‘टिळक’ आणि ‘मी’ ही दोन कर्तृपदे वेगळी झाली, आणि पुढे ती एकत्र आली तीही वेगळी राहूनच. टिळकांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ त्यांच्या पश्चात लक्ष्मीबाईंनी पुरे केले. तेथे पत्नीने पतीचे काम चालविले आहे, पण स्वतःच्या हाताने.

ह्यावर एक आक्षेप संभवतो. रमाबाईंचा ‘स्वतः’ आणि लक्ष्मीबाईंचा ‘टिळक’ ह्यांतील भेद मनोवृत्तीचा नसून केवळ समाजाचा आहे. एक लेखिका सुधारक परंतु ब्राह्मणी घरातील, दुसरी मिशनच्या परिसरातील. शिवाय दोन ग्रंथांत दोन तपांचे अंतर. हा आक्षेप बव्हंशी मान्य करावा लागेल. तथापि त्याने मूळ मुद्दा खोडला जात नाही. उलट तो अधिक नेमका होतो. आत्मशोध ही एकट्या मनाच्या आत चालणारी गोष्ट आहे असे प्रचलित समजूत मानते. प्रस्तुत ग्रंथ सांगतात ते असे की, आत्मशोधास शब्द लागतो आणि तो शब्द समाजाने उपलब्ध करून द्यावा लागतो. पतीस आडनावाने संबोधणे जेथे शक्य आहे अशा वर्तुळात आल्यावर लक्ष्मीबाईंना ते अंतर लाभले. रमाबाईंच्या घरात तो शब्द नव्हता. म्हणून त्यांचे सावरणे ग्रंथाबाहेर, संस्थेच्या कामात झाले. दोघींच्या धैर्याची तुलना करण्याचे कारण नाही. त्यांच्यापुढील शब्दसंग्रह भिन्न होते.

हाच विचार पुढे नेला असता १९८६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या बेबी कांबळे यांच्या ‘जिणं आमचं’ ह्या ग्रंथाकडे वेगळ्या दृष्टीने पाहता येते. पाऊणशे वर्षांनी शीर्षकात पुन्हा ‘आम्ही’ आला. मराठीतील ‘आम्ही’ श्रोत्यास वगळतो, ‘आपण’ त्यास सामावून घेतो. रमाबाईंच्या ‘आमच्या’मध्ये दोन माणसे होती, कांबळे यांच्या ‘आमचं’मध्ये अस्पृश्यता भोगलेला सारा महार समाज आहे, आणि वगळला गेला आहे तो वाचक. ‘आपलं’ म्हणून वाचकाची सोय करण्याचे त्यांनी नाकारले. ‘आयुष्य’ हा संस्कृत शब्दही गेला; त्याच्या जागी बोलीतले ‘जिणं’ आले. येथे ‘मी’चा शोध ‘आम्ही’ला सोडून लागत नाही, तसाच घरातल्या पतीच्या छायेतूनही लागत नाही. घरातील जाचाविषयीही कांबळे बोलतात, आणि हे लेखन त्यांनी वर्षानुवर्षे घरच्यांपासून लपवून ठेवले होते. ज्या ‘आम्ही’साठी लिहावयाचे त्याच्यापासूनच लिहिणे दडवावे लागावे, ही गोष्ट ‘मन हलके झाले’ ह्या सूत्रात बसविता येत नाही.

एवंच, जीवनातील स्थित्यंतरांनंतर लिहिलेल्या ग्रंथांस केवळ दुःखविरेचनाचे साधन मानणे अपुरे आहे. तसे मानल्याने वाचकास समाधान लाभते आणि लेखिकेस पडलेली किंमत दृष्टीआड होते. दुःख संपले किंवा नाही, ह्याचा निर्णय ग्रंथावरून करता येत नाही आणि तो समीक्षेचा अधिकारही नव्हे. समीक्षेस पाहता येते ते इतकेच की, गेलेल्या माणसाची, दिलेल्या नावाची, लादलेल्या संज्ञेची जागा वाक्यात कोठे ठरविली आहे, आणि उरलेल्या जागेत ‘मी’ला उभे राहण्यास वाव मिळाला आहे की नाही. तो कोणी दिला, कोणी नाकारला आणि कोणी मिळविला, हे पाहिल्याखेरीज ‘तिला स्वतःचा शोध लागला’ हे विधान करण्याची घाई समीक्षकाने करू नये.