वऱ्हाडी हेल आणि मराठी वाङ्मय

बोलीविषयी आपल्या विद्यापीठांतून जे लेखन होते त्यात शब्दसंग्रहाला मानाचे पान मिळते आणि उच्चाराच्या वाट्याला बहुधा तळटीप येते. 'वावर', 'काहून', 'पोट्टा' अशा शब्दांची यादी दिली आणि 'मले', 'तुले' ही रूपे नोंदविली, की वऱ्हाडीचे वर्णन पुरे झाले असे मानण्याचा प्रघात आहे. वस्तुतः अकोल्याचा किंवा अचलपूरचा मनुष्य पुण्यात ओळखला जातो तो या शब्दांमुळे क्वचितच. हे शब्द तो स्टेशनवर उतरतानाच गुंडाळून ठेवतो. जो गुंडाळून ठेवता येत नाही तो हेल. वाक्याच्या शेवटी स्वर कोठे रेंगाळतो, प्रश्न विचारताना आवाज कोणत्या अक्षरावर चढतो, यावरून ऐकणारा त्याचे गाव ओळखतो. मनुष्याच्या प्रादेशिक अस्मितेचा सर्वांत चिवट अंश असा की जो लिपीत मावत नाही, आणि आपले बोलीवाङ्मय तर छापील आहे. या अडचणीतून आपल्या लेखकांनी काय वाट काढली, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

वऱ्हाडीच्या उच्चाराची काही लक्षणे लिपीत येतात, हे आरंभीच मान्य केले पाहिजे. 'ण'च्या जागी 'न' येतो; 'ळ'च्या जागी बहुतेक ठिकाणी 'य' येतो, म्हणजे डोळा तो 'डोया' आणि केळी ती 'केयी'. 'दिला'चे 'देल्ला' होते. भविष्यकाळात 'तो येईन' असे तृतीय पुरुषी रूप ऐकू येते, आणि चालू क्रियेसाठी हिंदीच्या शेजाराने आलेली 'करून राह्यला' ही रचना आहे. ग्रिअर्सन यांच्या भारतीय भाषांच्या पाहणीचा मराठीला वाहिलेला सातवा खंड १९०५ साली प्रसिद्ध झाला. उधळ्या पुत्राची एकच बायबलातील कथा निरनिराळ्या बोलींत उतरवून घ्यावयाची, ही त्या पाहणीची पद्धत होती. तुलनेला ती फार सोयीची. परंतु कथा कागदावर आली, रूपे आली, आणि सांगणाराचा कंठ मागे राहिला.

लिपीत उतरलेले लक्षणही वाचकापर्यंत नीट पोचतेच असे नाही. विठ्ठल वाघ यांच्या काव्यसंग्रहाचे नाव 'काया मातीत मातीत' असे आहे. वऱ्हाडी वाचक ते 'काळ्या मातीत' असेच वाचतो. त्याच्या कानाला तेथे दुसरा अर्थ नाही. पश्चिम महाराष्ट्रातील वाचकाला मात्र 'काया' म्हटल्यावर प्रथम देह आठवतो, आणि मातीला मिळणाऱ्या देहाची एक गूढ छटा तो त्या नावावर आपल्या पदरची चढवतो. हा अर्थ सुंदर आहे, पण कवीच्या बोलीतला नाही. त्याच गीताने 'अरे संसार संसार' (१९८१) या चित्रपटातून सबंध महाराष्ट्र जिंकला तेव्हा ते 'काळ्या मातीत' या शब्दांनी ओळखले जाऊ लागले. एका 'ळ'ने ते सर्वांचे झाले. हा व्यवहार तोट्याचा झाला असे मी म्हणणार नाही. पण जे दिले गेले ते एक व्यंजन होते आणि त्या व्यंजनातच वऱ्हाड होते, एवढी नोंद समीक्षेने ठेवावयास हवी होती.

कादंबरीत हा प्रश्न अधिक बिकट होतो. कारण तेथे निवेदक असतो, आणि निवेदक कोणत्या हेलात बोलतो यावर पात्रांच्या बोलीचे मोल ठरते. उद्धव शेळके यांची 'धग' १९६० साली आली. तिचे निवेदन प्रामुख्याने प्रमाण मराठीत आणि संवाद वऱ्हाडीत आहेत. ही विभागणी पुढे इतकी रूढ झाली की तिच्यामागे काही निवड आहे हेच आपण विसरलो. निवेदकाची भाषा स्वच्छ आणि पात्रांची भाषा स्थानिक, अशा मांडणीत पात्रे काचेआड जाण्याचा धोका नेहमीच असतो. 'धग'मध्ये तसे होत नाही. याचे कारण माझ्या मते असे की कौतिकच्या बोलण्याकडे कादंबरीतील कोणीही 'बोली' म्हणून पाहत नाही. ती नवऱ्याशी भांडते, मुलांना पोटाशी धरते, दारिद्र्याशी झुंजता झुंजता मोडून पडते. आणि हे सारे ज्या भाषेत घडते ती तिच्या भोवतालच्या सर्वांचीच भाषा आहे. तिच्या वाक्यांची लांबी तिच्या दमाशी जुळलेली आहे. वाचक मुंबईचा असला तरी चार पानांनंतर त्याच्या कानात एक चाल बसते, आणि लिपीने न दिलेला हेल तो स्वतःच पुरवू लागतो. शेळक्यांनी हेल लिहिला नाही, पण वाचकाकडून तो म्हणवून घेतला.

त्याआधी तीन वर्षे, १९५७ साली, गो. नी. दांडेकर यांची 'पूर्णामायची लेकरं' प्रसिद्ध झाली होती. दांडेकरांचा जन्म परतवाड्याचा, म्हणजे चिखलदऱ्याच्या घाटाच्या पायथ्याचा. त्यांचा कान असामान्य होता. 'पडघवली'त (१९५५) कोकणचे बोलणे आणि येथे पूर्णाकाठचे बोलणे, ही दोन्ही त्यांनी सारख्याच सहजतेने पेलली. मात्र या सहजतेतच मला त्यांची मर्यादा दिसते. अनेक बोलींवर प्रेम करणारा लेखक प्रत्येक बोलीची चव घेतो, आणि चव घेणारा थोडासा पाहुणा असतो. 'पूर्णामायची लेकरं' वाचताना बोलीचा आनंद होतो. 'धग' वाचताना बोलीचे भान राहत नाही. या दोहोंत मी 'धग'ला झुकते माप देतो. बोलीचे लक्षण जितके ठळक तितकी कृती अस्सल, असा जो समज आपल्या परीक्षणांतून दिसतो, त्याच्याशी हे मत जुळणारे नाही याची मला कल्पना आहे.

ठळक लक्षणांचे पुढे काय होते ते रंगभूमीने आणि दूरचित्रवाणीने दाखविले आहे. 'बे', 'करून राह्यलो' आणि 'मले-तुले' एवढ्या तीन खुंट्यांवर एक संपूर्ण विनोदी वऱ्हाडी मनुष्य टांगता येतो. पु. ल. देशपांडे यांनी मुंबईकर, पुणेकर आणि नागपूरकर यांची जी गमतीदार तुलना केली ती निर्मळ विनोदाची आहे, आणि तिच्यावर नागपूरकरही मनमुराद हसतात. अनुकरण करणाऱ्यांनी मात्र तिच्यातला नागपूरकर उचलून त्यालाच वऱ्हाडी म्हणून फिरविले. नागपूर आणि वऱ्हाड यांतला भेद बाहेरच्या कानाला कळत नाही. बुलढाणा, अकोला आणि दर्यापूर यांतला भेद तर दूरच राहिला.

येथे अमेरिकेतील एका अभ्यासाचे साह्य घेणे उपयुक्त होईल. विल्यम लबॉव यांनी मॅसॅच्युसेट्सच्या किनाऱ्याजवळील मार्थाज व्हिनयार्ड या बेटावर केलेले संशोधन १९६३ साली प्रसिद्ध झाले. बेटावर उन्हाळी पाहुण्यांची गर्दी होई; मच्छीमारी खालावत होती, जमिनी बाहेरच्यांच्या हाती जात होत्या. लबॉव यांनी एकोणसत्तर बेटवासीयांच्या मुलाखती घेतल्या आणि 'राइट', 'हाउस' अशा शब्दांतील संयुक्त स्वर तपासले. बेटावरच राहण्याचा ज्यांचा निश्चय होता, विशेषतः चिल्मार्क भागातील मच्छीमार, त्यांच्या उच्चारात हे स्वर मुखाच्या मध्याकडे अधिक सरकलेले आढळले. ज्यांना बेट सोडून जावयाचे होते त्यांच्यात हे सरकणे अल्प होते. बोलणाऱ्यांना स्वतःला या फरकाची जाणीव नव्हती. पुढे लबॉव यांनी असा भेद केला की उच्चाराची काही लक्षणे बोलणाराच्याही लक्षात येत नाहीत, आणि काही सर्वांच्या तोंडी होऊन त्यांचा ठसा बनतो. हा भेद आपल्या समीक्षेला फार उपयोगी आहे. विनोदी वऱ्हाडी मनुष्य केवळ ठशांचा बनलेला असतो. कौतिकची भाषा ज्यांकडे बोलणाराचे लक्षही जात नाही अशा लक्षणांवर उभी आहे.

गाडगेबाबांचे उदाहरण येथे टाळता येत नाही. १९५६ साली, निधनाच्या काही आठवडे आधी, मुंबईत वांद्रे येथे त्यांनी केलेल्या कीर्तनाचे ध्वनिमुद्रण उपलब्ध आहे. बाबा प्रश्न टाकतात आणि समुदाय उत्तर देतो. छापील प्रतीत हे प्रश्न साधे, कधी बाळबोध वाटतात. ध्वनिमुद्रणात तसे वाटत नाही, कारण प्रश्नाच्या अखेरीस आवाज असा चढतो की उत्तर न देणे श्रोत्याला अशक्य व्हावे. येथे हेल हीच युक्तिवादाची रचना आहे. मुंबईच्या श्रोत्यांसाठी बाबांनी आपला हेल बदलला नाही, आणि कोणी त्याला हसलेही नाही. याच अमरावती जिल्ह्यातील रिद्धपूरशी निगडित महानुभाव परंपरेत नागदेवाचार्यांनी केशोबासांना संस्कृतात ग्रंथरचना करण्यापासून परावृत्त केले, ते आपल्या पंथातील वृद्ध स्त्रिया ज्ञानाला मुकतील म्हणून. लेखनाचे माप ऐकणाराच्या कानाने घ्यावयाचे, ही दृष्टी या भूमीला नवी नाही.

व्हिनयार्डसारखेच उन्हाळी पाहुण्यांचे स्थळ आपल्याकडे चिखलदरा आहे, आणि तेथे गेल्यावर वऱ्हाडीचा प्रश्न निराळाच दिसू लागतो. प्रथम गावाचे नावच पाहावे. भीमाने कीचकाला मारून येथील दरीत टाकले, म्हणून 'कीचकदरा' आणि त्याचे 'चिखलदरा', ही व्युत्पत्ती पाहुण्यांना आवर्जून सांगितली जाते. भाषेच्या दृष्टीने ती टिकत नाही. 'क' आणि 'च' यांची अदलाबदल कशीबशी मानली तरी दुसऱ्या 'क'चा 'ल' कसा झाला हे सांगता येत नाही. उलट पावसाळ्यात ढगांत बुडणाऱ्या पठाराला 'चिखल' आणि 'दरा' हे दोन रोजचे शब्द पुरेसे आहेत. पण चिखलाला प्रतिष्ठा नाही आणि महाभारताला आहे. जवळचा गाविलगड गवळ्यांच्या नावाशी जोडला जातो. 'गवळी'तला 'ळ' फार्सी लिपीला ठाऊक नसल्याने 'गाविल' असा 'ल' रूढ झाला असावा, आणि १८०३ च्या डिसेंबरात वेलस्लीने किल्ला घेतला तेव्हा इंग्रजी कागदांतही तोच गेला. वऱ्हाडी तोंडात या ठिकाणी 'य' यावयाचा. नावे अशी दुसऱ्यांच्या उच्चारात गोठून परत आपल्याकडे येतात.

आणि या सर्वांखाली कोरकू आहे. मेळघाटातील ही भाषा मुंडा कुळातील, म्हणजे मराठीशी रक्ताचे नाते नसलेली. २०११ च्या जनगणनेत तिचे भाषक सात लाखांहून अधिक नोंदले गेले, त्यांतील पुष्कळसे मध्य प्रदेशात आहेत. 'कोरो' म्हणजे मनुष्य, 'कोरकू' म्हणजे माणसे. तिच्यात मराठीसारखी तीन लिंगे नाहीत. सजीव आणि निर्जीव हा भेद तेथे महत्त्वाचा आहे, आणि सजीवांना एकवचन व अनेकवचन यांखेरीज द्विवचनही आहे. कोरकू मूल मराठी बोलताना लिंग चुकवते तेव्हा ते गोंधळलेले नसते; त्याच्या भाषेने जे भेद त्याला शिकविले ते मराठीला नको असतात आणि मराठीला हवे ते त्याच्याकडे नसतात. परतवाड्याच्या बाजारात या बोलण्याला हसणारा मनुष्य बहुधा वऱ्हाडीच असतो. पुण्यात आपल्या हेलाला हसले म्हणून जो दुखावलेला असतो, तोच हा.

वऱ्हाडी वाङ्मयाने आपल्या अस्मितेची मांडणी नेहमी पश्चिमेकडे तोंड करून केली आहे. तिची तक्रार खरी आहे. परंतु घाटावरून खाली पाहिले असता वऱ्हाडी हीच सत्तेची, बाजाराची आणि कचेरीची भाषा दिसते, आणि शाळेतील पाठ्यपुस्तकाची मराठी तिच्याही पलीकडे एक पायरी राहते. 'धग'चा वर्गात पाठ घेताना वऱ्हाडी विद्यार्थी कौतिकचे संवाद प्रमाण मराठीच्या चालीत वाचतात, हे आपण सर्वांनी ऐकले आहे. त्यांना ते घरच्या चालीत वाचावयास सांगितले की वर्गात प्रथम हशा होतो आणि मग शांतता. त्याच वर्गात धारणी-चिखलदऱ्याकडील विद्यार्थी असेल तर 'मले' हे रूपही त्याने परक्याकडूनच उचललेले असते, आणि कौतिकचे वाक्य कोणत्या घरच्या चालीत वाचावे हे त्याला सांगण्यासाठी आपल्याजवळ अद्याप कादंबरी नाही.