भोगले, हर्षा

(१९ जुलै १९६१ – ). भारतीय क्रिकेट समालोचक, दूरचित्रवाणीवरील क्रीडाकार्यक्रमांचे निवेदक व स्तंभलेखक. जन्म हैदराबाद येथे एका मराठी भाषिक कुटुंबात. वडील फ्रेंच भाषेचे, तर आई मानसशास्त्राच्या प्राध्यापक. हैदराबाद पब्लिक स्कूलमधील शालेय शिक्षणानंतर त्यांनी उस्मानिया विद्यापीठातून रासायनिक अभियांत्रिकीची पदवी घेतली व अहमदाबादच्या व्यवस्थापन संस्थेतून पदव्युत्तर शिक्षण पूर्ण केले. काही काळ जाहिरात व्यवसायात नोकरी केली. हैदराबादच्या स्थानिक सामन्यांतून व विद्यापीठाकडून ते क्रिकेट खेळले. तथापि प्रथम श्रेणीच्या सामन्यात ते कधी उतरले नाहीत. त्यांच्या पुढील कारकीर्दीचे बळ आणि तिच्यावरील मुख्य आक्षेप, या दोहोंचे मूळ या गोष्टीत आहे.

वयाच्या एकोणिसाव्या वर्षी आकाशवाणीवरून त्यांनी समालोचनास प्रारंभ केला. १९९१-९२ च्या भारतीय संघाच्या ऑस्ट्रेलिया दौऱ्यात ऑस्ट्रेलियन ब्रॉडकास्टिंग कॉर्पोरेशनने त्यांना निमंत्रित केले. हा मान मिळविणारे ते पहिले भारतीय समालोचक होत. पुढे बीबीसीसाठीही त्यांनी नभोवाणीवर समालोचन केले. फेब्रुवारी १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ध्वनिलहरी ही सार्वजनिक मालमत्ता असून तीवर शासनाची मक्तेदारी असू शकत नाही, असा निर्णय दिला. त्याच सुमारास उपग्रह वाहिन्यांचा भारतात विस्तार होऊ लागला होता. १९९५ पासून भोगले ईएसपीएन वाहिनीवर (पुढे ईएसपीएन-स्टार स्पोर्ट्स) निवेदक म्हणून दिसू लागले आणि थोड्याच वर्षांत घरोघरी परिचित झाले.

भारतातील क्रिकेट समालोचनाच्या परंपरेत ए. एफ. एस. तल्यारखान यांनी दिवसभर एकट्याने ध्वनिक्षेपक सांभाळून श्रोत्यांना खिळवून ठेवले, तर बाळ ज. पंडित यांनी आकाशवाणीवरून क्रिकेट मराठी घरांत नेले. नभोवाणीच्या श्रोत्याला काहीच दिसत नसल्याने गोलंदाजाची धाव, क्षेत्ररक्षकांच्या जागा, चेंडूची दिशा आणि धावफलक हे सर्व शब्दांनीच उभे करावे लागते. दूरचित्रवाणीवर हेच शब्द पुनरुक्ती ठरतात. तेथे समालोचकाने काय घडले यापेक्षा ते का घडले याकडे वळावे लागते आणि कित्येकदा गप्पही राहावे लागते. भोगले नभोवाणीत घडले होते. दूरचित्रवाणीवर येताना त्यांनी तेथील वर्णनाचा भाग मागे ठेवला व कथनाचा भाग बरोबर घेतला. छोट्या गावातून आलेला नवोदित खेळाडू, संघात परतलेला वयस्क फलंदाज किंवा सामन्याच्या अखेरच्या षटकातील गोलंदाज यांच्याविषयी दोन-तीन वाक्यांत पूर्वपीठिका सांगून समोरच्या क्षणाला अर्थ देणे, हे त्यांचे खास कौशल्य होय. त्यांची इंग्रजी सोपी, वाक्ये आटोपशीर व उपमा रोजच्या जीवनातील असतात.

दूरचित्रवाणीच्या समालोचनात दोन भूमिका परंपरेने वेगळ्या मानल्या जातात. प्रमुख समालोचक चेंडू टाकला जाऊन खेळ थांबेपर्यंत बोलतो. त्यानंतर माजी खेळाडू असलेला तज्ज्ञ पुनर्दर्शनाच्या आधारे तंत्र उलगडून दाखवितो. चित्रमंदिरातील निवेदकाचे काम याहून अवघड असते. कानात निर्मात्याच्या सूचना, समोर दोन-तीन तज्ज्ञ आणि डोक्यावर जाहिरातीची वेळ, अशा स्थितीत त्याला संभाषण वाहते ठेवायचे असते. सुनील गावसकर, जेफ्री बॉयकॉट, रवी शास्त्री अशा मातब्बरांसमोर बसून भोगले यांनी सामान्य प्रेक्षकाच्या मनातील प्रश्न त्याच्या वतीने विचारले. आपले अज्ञान न लपविता त्याचेच साधन करणे, हा त्यांच्या शैलीचा गाभा आहे.

या शैलीला मर्यादाही आहेत. कौतुकाची विशेषणे ते सढळ हाताने वापरतात, त्यामुळे असामान्य खेळी व केवळ चांगली खेळी यांतील अंतर कधीकधी पुसट होते. तज्ज्ञाचे मत न पटल्यास ते टोकाचा वाद घालण्याऐवजी नवा प्रश्न विचारतात. त्यातून संभाषणाचे सौजन्य टिकते, पण मतभेदाची धार बोथट होते.

२०१६ च्या विश्व टी-ट्वेंटी स्पर्धेत २३ मार्च रोजी भारताने बांगलादेशावर एका धावेने विजय मिळविला. त्यानंतर अमिताभ बच्चन यांनी, भारतीय समालोचकाने आपल्या खेळाडूंविषयी अधिक बोलावे, असे कोणाचेही नाव न घेता म्हटले व कर्णधार धोनी यांनी त्यास दुजोरा दिला. इंग्रजी समालोचन अनेक देशांत ऐकले जात असल्याने ते तटस्थ असले पाहिजे, अशी भूमिका भोगले यांनी मांडली. एप्रिलमध्ये आयपीएल सुरू होण्याच्या तोंडावर त्यांना समालोचकांतून वगळण्यात आले. क्रिकेट नियामक मंडळाने त्याचे कारण जाहीर केले नाही. पुढे ते या स्पर्धेच्या समालोचनात परतले. सामन्यांचा आयोजकच समालोचक निवडत असेल, तर समालोचन आणि प्रसिद्धी यांतील सीमा कोणी राखायची, हा प्रश्न मात्र या प्रसंगाने उघड केला.

दुसरा प्रसंग नोव्हेंबर २०१९ मधील कोलकाता येथील, भारतात खेळल्या गेलेल्या पहिल्या दिवस-रात्र कसोटीचा. गुलाबी चेंडू फलंदाजांना नीट दिसतो का, हे खेळाडूंना विचारावे, असे भोगले यांनी सुचविताच सहसमालोचक संजय मांजरेकर यांनी, विचारण्याची गरज न खेळलेल्यांना असते, अशा आशयाचे उद्‌गार काढले. खेळण्याचा अनुभव ही जाणून घेण्याची कमाल मर्यादा ठरू नये, असे उत्तर भोगले यांनी शांतपणे दिले. आपले वर्तन उचित नव्हते, हे मांजरेकर यांनी नंतर मान्य केले. अनुभवाने प्रश्नाची आवश्यकता संपत नाही, हे तत्त्व भोगले यांच्या साऱ्या कारकीर्दीला आधारभूत आहे.

मोहम्मद अझरुद्दीन यांचे चरित्र अझर (१९९४), पत्नी अनिता यांच्यासमवेत लिहिलेले द विनिंग वे (२०११) आणि आऊट ऑफ द बॉक्स हा स्तंभलेखांचा संग्रह ही त्यांची ग्रंथरचना होय. त्यांच्या नंतरच्या काळात वाहिन्यांनी समालोचनाच्या दोन्ही जागा बहुतांशी माजी खेळाडूंनाच दिल्या. त्यामुळे खेळाचे तज्ज्ञ वाढले. पण शब्द हेच ज्याचे कसब आहे असा प्रमुख समालोचक दुर्मीळ झाला. भोगले यांचे महत्त्व या पार्श्वभूमीवर अधिक स्पष्ट होते. मैदानाबाहेरच्या रसिकालाही खेळावर अधिकाराने बोलता येते, मात्र तो अधिकार त्याला अभ्यासाने व ऐकण्याच्या तयारीने रोज नव्याने मिळवावा लागतो, हे त्यांनी आपल्या कामातून दाखवून दिले.