गॅस्केलबाईंचा सल्ला

इंग्रजी कादंबरीच्या इतिहासात मिसेस गॅस्केल यांना जे स्थान दिले जाते ते सन्मानाचे असले, तरी थोडे बाजूचे आहे. जेन ऑस्टेन, ब्राँटे भगिनी आणि जॉर्ज एलिअट यांची नावे मोठ्या आवाजात घेऊन झाली, की मग आवाज जरा खाली आणून या बाईंचे नाव घ्यावयाचे, असा शिरस्ताच पडून गेला आहे. १९३४ साली लॉर्ड डेव्हिड सेसिल यांनी त्या काळच्या कादंबरीकारांवर ग्रंथ लिहिला. त्यात शार्लट ब्राँटे व जॉर्ज एलिअट यांना त्यांनी गरुडांची उपमा दिली आणि गॅस्केलबाईंना कबुतराची. या उपमेत माया आहे. परंतु न्याय आहे काय, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे. कारण ज्या गरुडांची नावे घेतली जातात त्यांतील एकीलाही स्वतःचे मूल नव्हते, ही गोष्ट व्हर्जिनिया वुल्फ यांनी १९२९ सालीच दाखवून दिली होती. गॅस्केलबाईंना मात्र चार मुली वाढवावयाच्या होत्या, आणि ज्याच्यासाठी त्यांनी जन्मभर शोक केला असा एक मुलगाही त्यांच्या पोटी येऊन गेला होता.

या बाईंचे एक पत्र आम्ही गेली कित्येक वर्षे वर्गात वाचून दाखवीत आलो. ते पत्र २५ सप्टेंबर १८६२ चे आहे. लेखिका होऊ इच्छिणाऱ्या, लहान मुले पदरी असलेल्या आणि प्रकृतीने थकलेल्या एका तरुण स्त्रीने त्यांचा सल्ला विचारला होता. त्याचे हे उत्तर. त्याचा आशय असा, की मुले लहान असतील तोवर कादंबरीच्या नादी लागू नये. आपली मुले लहान असताना आपण गोष्टी लिहू शकलो असतो असे आपल्याला वाटत नाही. कारण मनातल्या माणसांत गुंतल्यावर घरातल्या खऱ्या माणसांकडे लक्ष राहिले नसते. शिवाय आधी भरपूर जगावे, मग लिहावे. चाळिशीत लिहिलेली कादंबरी आजच्यापेक्षा कितीतरी सरस उतरेल. इतके सांगून बाई थांबत नाहीत. मळके कपडे धुण्यापूर्वी काही तास साबणात भिजवून ठेवावेत, स्वयंपाक सकाळीच मंद आचेवर चढवून ठेवावा म्हणजे श्रम वाचतात, असेही त्या सांगतात. एखाद्या वडीलधाऱ्या आत्याबाईने माजघरात बसून सांगावे तशी ही भाषा आहे. आम्हांला हे पत्र शहाणपणाचा अर्क वाटत असे. आज ते तसे वाटत नाही, आणि का वाटत नाही हे सांगण्याकरिता हा लेख आहे.

प्रथम चरित्राकडे पाहू. इलिझाबेथ यांचा जन्म १८१० चा. तेरा महिन्यांच्या असतानाच आई वारली आणि नट्सफर्ड या लहानशा गावी मावशीने त्यांना वाढविले. १८३२ साली मँचेस्टरच्या क्रॉस स्ट्रीट चॅपेलचे युनिटेरियन धर्मोपदेशक विल्यम गॅस्केल यांच्याशी त्यांचा विवाह झाला. पहिली मुलगी १८३३ साली मृतच जन्मली. त्यानंतर १८३४ त मेरिअन, १८३७ त मेटा, १८४२ त फ्लॉरेन्स, १८४४ त विली आणि १८४६ त ज्यूलिया. मेरिअन सहा महिन्यांची असताना बाईंनी तिच्याविषयी एक रोजनिशी लिहावयास घेतली व ती १८३८ पर्यंत चालविली. आपल्यामागे मुलीच्या हाती पडावी म्हणून लिहिलेली ही वही आहे. जिला स्वतःची आई आठवत नव्हती अशा स्त्रीने ती लिहिली, हे ध्यानात घेतले म्हणजे तिच्यातील साध्या वाक्यांनाही वेगळे वजन येते.

आता तारखांचा हिशेब करू. १८४५ च्या ऑगस्टमध्ये विली स्कार्लेट तापाने वेल्समध्ये वारला. त्या दुःखात मन गुंतावे म्हणून, पतीच्या सूचनेवरून बाईंनी मोठे लेखन हाती घेतले, असे सांगतात. तीच 'मेरी बार्टन'. लेखनास आरंभ झाला तेव्हा मेरिअन अकरा वर्षांची, मेटा आठ वर्षांची आणि फ्लॉरेन्स तीन वर्षांची होती. आणि पुस्तक लिहून होत असतानाच, १८४६ च्या सप्टेंबरात, ज्यूलिया जन्मली. १८४८ त कादंबरी बाहेर पडली तेव्हा हे धाकटे मूल दोन वर्षांचे होते. म्हणजे 'मुले लहान असताना लिहिता आले नसते' असे जी बाई १८६२ त सांगते, तिनेच पाळण्यातले मूल मांडीवर घेऊन आपली पहिली कादंबरी पुरी केली होती! त्याही आधी, मेटा जन्मली त्याच १८३७ साली, पतीसमवेत रचलेली तिची एक कविता 'ब्लॅकवुड्‌स' मासिकात छापून आली होती.

तर मग बाई खोटे बोलल्या काय? आम्हांला तसे वाटत नाही. पत्र लिहिले तेव्हा ज्यूलिया सोळा वर्षांची झाली होती व थोरली अठ्ठावीस वर्षांची. मुले मोठी झाली म्हणजे आईला तो काळ एकसंध, केवळ मुलांनी भरलेला असा दिसू लागतो. त्यातील चोरून काढलेले तास स्मरणातून गळून जातात. परंतु टीकाकाराने स्मरणावर विसंबू नये, पुस्तकावर विसंबावे. आणि पुस्तक निराळेच सांगते. 'मेरी बार्टन'मध्ये उपासमारीने व तापाने मुले मरतात. मरणाऱ्या लेकराला आई मनाने धरून ठेवते, म्हणून त्याचा जीव सुटत नाही, या लोकसमजुतीवर त्यात एक प्रसंग आहे. गिरणीकामगारांच्या तळघरांतील दारिद्र्याचा तक्ता सरकारी अहवालांतही मिळाला असता. तो प्रसंग अहवालांत मिळाला नसता. नुकतेच मूल गमावलेल्या आणि दुसऱ्याला दूध पाजणाऱ्या स्त्रीनेच तो लिहावयाचा होता. चाळिशी येईपर्यंत आणि घर निवांत होईपर्यंत त्या थांबल्या असत्या, तर कदाचित अधिक रेखीव कादंबरी झाली असती. पण ही झाली नसती.

येथे उलट बाजूही मांडली पाहिजे. मातृत्वाने लेखन समृद्ध होते, असे गोड वाक्य लिहून मोकळे होणे सोपे आहे. त्याची किंमत कोणी व कशी भरली हे पाहणे कठीण आहे. १८५० पासून गॅस्केल कुटुंब प्लिमथ ग्रोव्हमधील मोठ्या घरात राहत असे. घरात नोकरचाकर होते, हे विसरता कामा नये. पतीची स्वतंत्र अभ्यासिका होती; बाई मात्र जेवणघरातील मेजावर लिहीत, म्हणजे घरातील प्रत्येक प्रश्नाला वाट तेथूनच होती. डिकन्सच्या 'हाउसहोल्ड वर्ड्‌स'साठी लिहिलेल्या एका कथेचे वीस पौंड आले, ते पतीने शांतपणे आपल्या खिशात घालून बटण लावले, असे बाईंनी मैत्रिणीला थट्टेने कळविले आहे. ही थट्टा कायद्यावर उभी होती. विवाहित स्त्रीची कमाई तिची स्वतःची मानण्यास इंग्लंडात १८७० सालच्या कायद्याने प्रारंभ झाला. तोवर बाई वारून पाच वर्षे झाली होती. विल्यमसाहेबांवर अन्याय होऊ नये म्हणून हेही सांगतो, की पत्नीच्या लेखनाला त्यांचे उत्तेजन होते, आणि लँकेशरच्या बोलीवरील त्यांची व्याख्याने 'मेरी बार्टन'च्या १८५४ च्या आवृत्तीला जोडलेली आहेत. माणूस चांगला होता. व्यवस्था तशी होती.

या व्यवस्थेच्या खुणा पुस्तकांवर उमटल्या आहेत. 'क्रॅनफर्ड' १८५१ च्या डिसेंबरात एकच लेख म्हणून लिहिले गेले आणि १८५३ पर्यंत सवडीसवडीने वाढत गेले. सुटी प्रकरणे एका धाग्यात ओवावी तशी त्याची रचना आहे, आणि तीच त्याची गोडी झाली. उलट 'नॉर्थ अँड साउथ'सारख्या विस्तृत कथानकाला असली सवड पुरेना. १८५४ च्या ऑक्टोबरात बाईंना घर सोडून डर्बीशरमध्ये नाइटिंगेल कुटुंबाच्या वाड्यात एकांतात जाऊन लिहिणे भाग पडले. साप्ताहिकाच्या तगाद्यामुळे शेवट आवळावा लागला ही तक्रार त्यांचीच आहे, आणि ती वाचकालाही जाणवते. 'रूथ'ची गोष्ट तर याहून बोलकी. अविवाहित मातेची बाजू घेणारी ही कादंबरी १८५३ त निघाली, तेव्हा त्यांच्याच प्रार्थनामंदिरातील दोघा गृहस्थांनी तिचा पहिला खंड जाळला. आणि बाईंनी स्वतःच्या घरी काय केले? ते पुस्तक आपल्या घरातही निषिद्ध आहे, असे त्या लिहितात. कादंबरीकर्त्रीने जे धैर्य दाखविले ते आईला आपल्या उंबऱ्याच्या आत आणवले नाही. एका पत्रात त्या म्हणतात, की आपल्यात अनेक 'मी' नांदतात आणि त्यांचा आपसात मेळ बसत नाही. कबुतराच्या अंगी एवढे भांडण मावत नाही, असे आम्हांला वाटते.

बाईंनी या प्रश्नाचा विचार केला नव्हता असे नाही. १८५७ च्या शार्लट ब्राँटेच्या चरित्रात त्यांनी तो नीट मांडला आहे. पुरुष लेखक झाला, तर त्याने सोडलेल्या वकिलीच्या किंवा व्यापाराच्या जागी दुसरा कोणी येऊन बसतो. पण मुलीची, पत्नीची, आईची जागा रिकामी झाली तर ती भरावयास दुसरे कोणी येत नाही. तरीही अंगी असलेली देणगी पुरून ठेवण्याचा अधिकार स्त्रीला नाही. दोन्ही कर्तव्ये परस्परविरोधी नाहीत, मात्र त्यांचा मेळ घालणे कठीण आहे. हे मत पाच वर्षांनंतरच्या त्या पत्रातील मतापेक्षा पुष्कळ धीट आहे. मग १८६२ त असे काय झाले?

त्याचे उत्तर काही अंशी मँचेस्टरमध्ये आहे, आणि त्याचा एक धागा आपल्या मुलुखापर्यंत येतो. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाची आवक बंद पडून लँकेशरच्या गिरण्या थंडावल्या होत्या. त्याच दिवसांत मुंबईचे व्यापारी खानदेश-वऱ्हाडच्या कापसावर गबर होत होते, हे आपण आपल्या इतिहासात वाचतो. तिकडे हजारो घरांत चूल पेटत नव्हती, आणि गॅस्केलबाई आपल्या मुलींसह मदतकार्यात रात्रंदिवस राबत होत्या. 'सिल्व्हियाज लव्हर्स' ही कादंबरी १८५९ पासून चालली होती आणि ती अद्याप बाहेर पडावयाची होती. ती १८६३ च्या फेब्रुवारीत निघाली. अशा दिवसांत लिहिलेले ते पत्र आहे. तो सल्ला सिद्धांत म्हणून वाचू नये. एका दमलेल्या बाईने दुसऱ्या दमलेल्या बाईला 'थोडी टेक' म्हणावे तसा तो वाचावा. कपडे भिजविण्याची युक्ती ही त्या पत्रातील गौण गोष्ट नसून तीच मुख्य गोष्ट आहे: श्रम कमी करा, म्हणजे तास उरेल. आम्ही मात्र इतकी वर्षे 'थांबा' एवढेच ऐकले.

आणि ऐकून तेच इतरांस सांगितले. पुष्कळ वर्षांपूर्वी आमच्या एका विद्यार्थिनीने अर्धी लिहिलेली कादंबरी आम्हांस दाखविली. कडेवर मूल होते. लेखन कच्चे होते, पण त्यातील माणसे जिवंत होती. आम्ही हेच पत्र तिला वाचून दाखविले आणि मुले मोठी होऊ द्या, असे सांगितले. मध्यंतरी एका समारंभात ती भेटली. मुलगा आता नोकरीला लागला आहे. कादंबरीचे काय झाले, असे आम्ही विचारले. ती म्हणाली, "सर, तुम्ही सांगितलेत तशी मी थांबले. पण ती माणसे थांबली नाहीत." तिच्या स्वरात राग नव्हता. असता तर आम्हांस अधिक बरे वाटले असते.

त्या रात्री आम्हांस आणखी एक गोष्ट आठवली. आमची दोन पुस्तके लिहून झाली तेव्हा आमचीही मुले लहानच होती. थांबा, असे आम्हांस कोणी म्हटले नाही. उलट, अभ्यासिकेचे दार लोटलेले असे, आणि दाराबाहेर मुलांना दटावून गप्प करणारे एक माणूस होते. त्या माणसाच्या मनात काय लिहावयाचे होते, हे आम्ही कधी विचारले नाही.

१२ नोव्हेंबर १८६५ रोजी हँपशरमधील हॉलिबर्न येथे, मुलींशी चहाच्या वेळी बोलत असतानाच गॅस्केलबाई एकाएकी गेल्या. लेखनाच्या प्राप्तीच्या भरवशावर, पतीस न कळविता त्यांनी ते घर घेतले होते. त्याच्या म्हातारपणी त्याला ते भेट द्यावयाचे होते. 'वाइव्ह्‌ज अँड डॉटर्स'चा अखेरचा भाग तेवढा लिहावयाचा राहिला होता, आणि ती त्यांची सर्वोत्कृष्ट कादंबरी आहे, असे आमचे मत आहे. आईविना वाढलेल्या मुलीची आणि तिच्या सावत्र आईची ती कथा आहे. या बाईंनी आई आणि लेखिका यांचा तोल कसा सांभाळला, असे विचारण्याची प्रथा आहे. आमच्या मते त्यांनी तो सांभाळला नाही. तो रोज ढळत होता, आणि ढळलेल्या स्थितीतच त्या लिहीत राहिल्या.

यापुढे ते पत्र वर्गात वाचावयाचे झाले, तर त्याच्याबरोबर आम्ही 'मेरी बार्टन'च्या तारखाही फळ्यावर लिहू. आणि कोणी वही घेऊन आली, तर मुले केवढी आहेत हे विचारण्याआधी, घरात दार लावून घेता येईल अशी खोली आहे काय, आणि ते दार सांभाळणारे कोणी आहे काय, हे विचारू.