यु ग्वान-सुन हिचीं चरित्रें आणि शत्रूचें दफ्तर

कोरियन स्वातंत्र्यचळवळींतील यु ग्वान-सुन या मुलीचीं जीं चरित्रें १९४५ सालीं जपानी सत्ता संपल्यावर लिहिलीं गेलीं, त्यांच्या प्रामाण्याविषयीं येथें थोडें लिहावयाचें आहे. चरित्रनायिका परदेशची असली तरी प्रश्न आपल्या मंडळींच्या नित्य परिचयाचा आहे. एकीकडे भक्तीनें लिहिलेली बखर, दुसरीकडे शत्रूच्या दफ्तरांतील रुमाल. प्रमाण कोणास मानावें?

मूळ वृत्त थोडक्यांत असें. १९१० सालीं जपाननें कोरियाचें राज्य खालसा केलें. ग्वान-सुन ही १९०२ च्या डिसेंबरांत छोनानकडील एका खेड्यांत जन्मली व सेऊल येथील इह्वा या मिशनरी कन्याशाळेंत शिकत होती. १ मार्च १९१९ रोजीं राजधानींत स्वातंत्र्याचा जाहीरनामा वाचला गेला. लौकरच शाळा बंद पडल्या व ती गांवीं परतली. १ एप्रिल रोजीं आउनेच्या बाजारांत लोक जमले, त्यांवर जपानी लष्करी पोलिसांनीं गोळ्या झाडल्या. एकोणीस माणसें मेलीं; तिचे आईबाप त्यांतच गेले. तिला पकडून शिक्षा ठोठावण्यांत आली, आणि २८ सप्टेंबर १९२० रोजीं सेऊलच्या सोदेमुन तुरुंगांत ती वारली. त्या वेळीं तिला अठरावें वर्ष चालू होतें.

आतां चरित्रांकडे वळूं. कित्येकांत तिची शिक्षा सात वर्षांची सांगितली आहे. खालच्या कोर्टानें पांच वर्षें दिलीं होतीं. ३० जून १९१९ च्या अपिलाच्या निकालांत तीं तीनावर आलीं. सात हा आंकडा कोणत्याच कोर्टाचा नव्हे. मृत्युतिथि १२ ऑक्टोबर अशीही दिलेली आढळते. शाळेच्या लोकांस तिचा देह मिळाला तो ऑक्टोबराच्या मध्याच्या सुमारास; देह हातीं आल्याचा दिवस तोच मृत्यूचा दिवस समजला गेला असावा असें आम्हांस वाटतें. पोथ्यांच्या नकला करणारांच्या हातून असले घोटाळे किती होतात, हें संग्राहकांस सांगावयास नको.

तिच्या देहाचे तुकडे करण्यांत आले होते, ही कथा याहून गंभीर आहे. शाळेच्या मुख्याध्यापिकेचें काम पाहणाऱ्या जीनेट वॉल्टर या बाईंनीं तिच्या प्रेतास वस्त्रें नेसविलीं, आणि देह अखंड होता असें त्यांनीं लिहून ठेविलें आहे. आपल्या विद्यार्थिनीसाठीं शोक करणाऱ्या या बाईंस तुरुंगवाल्यांची पाठराखण करण्याचें कांहीं कारण नव्हतें. येथें प्रत्यक्ष पाहणाराची साक्ष सोडून ऐकीव कथा कां धरावी? तुरुंगांत तिचे हाल झाले, हें आम्ही मुळींच नाकारीत नाहीं. तुकड्यांची कथा तेवढी प्रक्षिप्त होय. मीमांसक जिला अर्थवाद म्हणतात त्या जातीची ही स्तुति आहे.

यावर कोणी म्हणेल, ज्या राज्यानें मुलीचे आईबाप मारिले त्याच राज्याच्या न्यायाधीशांचें लिहिणें खरें, आणि तिच्या देशबांधवांचें खोटें, हा कोठला न्याय? आक्षेप रास्त आहे, आणि आम्हांसही तो पुष्कळ दिवस सतावीत होता. निकालपत्र जपानी भाषेंत आहे. बाजारांतील निःशस्त्र लोकांच्या जमावास तें दंगा म्हणतें. दंगा हा शब्द तेथें आरोपीच्या विरोधकाचा म्हणूनच वाचला पाहिजे. परंतु कागद लिहिणाराचा पक्ष एकदां ओळखला म्हणजे त्याच्या पक्षास बाधक असें जें त्याच्याच लेखणींतून उतरतें, त्याचें मोल दुप्पट होतें. त्याच निकालपत्रांत असें नमूद आहे कीं, बाप पडल्यावर त्याचें प्रेत पोलिसांच्या ठाण्यावर नेण्यांत आलें, आणि आपला देश परत मिळवूं पाहणारांवर हत्यार कां चालविलें, असा जाब या मुलीनें तेथें विचारिला. कारकुनास तिचा महिमा वाढवावयाचा नव्हता. शिक्षेस आधार म्हणून त्यानें हें लिहिलें. याच्यापुढें सात वर्षांची शिक्षा व देहाचे तुकडे कशास हवेत?

दक्षिण कोरियाच्या सरकारनें १९६२ सालीं तिला तिसऱ्या श्रेणीचा राष्ट्रीय सन्मान दिला व २०१९ सालीं पहिल्या श्रेणीचा. पण इथेवोन येथील तिची कबर नाहींशी झाली आहे. उरले आहेत ते मुख्यतः कागद, आणि तुरुंगाच्या नोंदपत्रावरील तिचें छायाचित्र. तेंही तिला कोंडणारांनींच काढलेलें. पुढील चरित्रकारानें ग्रंथारंभीं निकालपत्र अक्षरशः छापावें, आणि आख्यायिका मागून, आख्यायिका म्हणूनच द्याव्या, एवढी आमची सूचना आहे.