माचादोचा उशिरा येणारा वसंत

स्पॅनिश कवी आन्तोनिओ माचादोची घरं बघायला निघालेल्या माणसाची थोडी निराशाच होते. सेव्हिलमधला दुएन्यास वाडा देखणा आहे, चौकात लिंबाचं झाडही आहे. पण वाडा आल्बाच्या सरदार घराण्याचा, माचादो कुटुंब तिथलं भाडेकरू. १८७५ साली कवी तिथे जन्मला आणि आठव्या वर्षी माद्रिदला गेला. सेगोव्हियात १९१९ ते १९३२ तो खोली घेऊन राहिला, त्या घराचं आता संग्रहालय झालंय. पलंग, टेबल, चार साध्या वस्तू. पाच मिनिटांत बघून होतं. हा जन्मभर भाड्याच्या खोल्यांत राहिलेला फ्रेंचचा मास्तर. त्याचं घर शोधायचं तर दाराबाहेर पडायला हवं.

म्हणून सोरिया. १९०७ मध्ये तो या लहानशा थंड गावात शिकवायला आला, आणि ज्यांच्याकडे उतरला त्यांच्या मुलीशी, लेओनोरशी, १९०९ मध्ये त्याचं लग्न झालं. ती पंधरा वर्षांची, तो चौतिशीचा. (आज हे वाचताना अडखळायला होतं, आणि व्हावंच.) १९१२ च्या ऑगस्टमध्ये ती क्षयानं गेली. ‘काम्पोस दे कास्तिया’ हा त्याचा कवितासंग्रह नुकताच निघाला होता. माचादोनं लगोलग सोरिया सोडलं आणि दक्षिणेत, बाएसाला, नोकरी घेतली.

दुएरो नदीकाठी सान पोलो ते सान सातुरिओ हा त्याचा फिरण्याचा रस्ता अजून आहे, पॉप्लरच्या रांगा आहेत. एस्पिनोच्या चर्चपाशी एक वठलेला एल्म दाखवतात, ‘कवितेतला तो हाच’ म्हणून. वठलेल्या एल्मवरच्या त्याच्या कवितेतलं झाड मात्र नदीकाठच्या टेकडीवर आहे. पण भाविकांशी वाद कोण घालणार?

माझ्या मते या सगळ्या मुलखाची किल्ली सोरियात लिहिलेल्या कवितेत नाहीच. ती बाएसाहून १९१३ मध्ये लिहिलेल्या एका पत्ररूपी कवितेत आहे. सोरियातला पत्रकार मित्र होसे मारिया पालासिओ याला उद्देशून ही कविता आहे, आणि ती नुसत्या चौकशा करते. नदीकाठच्या पॉप्लरना पालवी फुटली का? जुन्या एल्मना नवी पानं आली का? मग हळूच सूर बदलतो. प्रश्नांमध्ये अंदाज मिसळू लागतात: करकोचे घंटाघरांवर परतले असतील, गहू हिरवा झाला असेल, शेतात खेचरं असतील. लांब झग्याखाली तितरांना भुलवणारी आमिषं लपवून निघालेले चोरटे शिकारीसुद्धा त्याला आठवतात. हा तपशील मला फार आवडतो, कारण शोकगीतात त्याला काहीच काम नाही. ज्याला गाव खरंच आठवतं, त्यालाच असा बिनकामाचा तपशील आठवतो.

दु:ख हा शब्द कुठेच नाही. शेवटच्या ओळींत फक्त एक विनंती: पहिली लिली आणि पहिले गुलाब घेऊन, एखाद्या निळ्या संध्याकाळी, वर एस्पिनोला जा, तिची जमीन तिथे आहे. एस्पिनो म्हणजे सोरियाचं कबरस्तान, हे कवी सांगत नाही. पालासिओला सांगायची गरजच नव्हती. आपल्याला मात्र ते कळल्यावर कविता उलटी, खालून वर वाचावी लागते. मघाचा प्रत्येक प्रश्न तेव्हा एकाच गोष्टीची चौकशी ठरतो: वाहायला फुलं उमलली आहेत का?

आणि इथे भूगोल उपयोगी पडतो. सोरिया समुद्रसपाटीपासून हजार मीटरहून उंच. तिथे वसंत रेंगाळत येतो, हे कविताच सांगते. बाएसा आंदालुसियातलं, चहूकडे ऑलिव्हच्या बागा, खाली ग्वादालकिविरचं खोरं. तिथे ऋतू आधी बदलतो. स्वत:च्या अंगणात वसंत येऊन गेलेला माणूस वरच्या गावच्या वसंताची वाट बघतोय. दोन गावांच्या हवामानातला हा फरक कवितेच्या पोटात आहे. प्रवासी बहुधा बाएसा वगळतात किंवा शेवटी उरकतात. माचादोसाठी जाणाऱ्यानं मार्चअखेर आधी तिथे उतरावं, तटबंदीच्या कडेनं चालावं, आणि त्याच आठवड्यात सोरिया गाठावं. तेव्हा बाभळीसारख्या दिसणाऱ्या तिथल्या अकेशियांना पानं नसली, तर पालासिओला पत्र का लिहावं लागलं ते कुठल्याही टीपेशिवाय कळेल.