बोलक्या बाहुलीचा 'मी'

कृत्रिम बुद्धिमत्तेने चालणाऱ्या संभाषणयंत्राला 'कळसूत्री बाहुली' म्हणावयाचा मोह सहज होतो. ही उपमा मात्र फार टिकत नाही. कुडाळजवळच्या पिंगुळी गावी ठाकर कलावंतांच्या खेळात बाहुली हलते, आणि तिची कथा कलावंत गाऊन सांगतो. वाचा आणि देह एकाच व्यक्तीचे आहेत, असा तेथे दावाच नसतो.

यंत्राचा जवळचा आप्त शोधावयाचा तर तो शब्दभ्रमकाराच्या बोलक्या बाहुलीत शोधला पाहिजे. यशवंत पाध्ये यांनी रंगमंचावर आणलेले आणि रामदास पाध्ये यांनी पुढे चालविलेले अर्धवटराव जेव्हा 'मी' म्हणतात, तेव्हा तो 'मी' कोणाचा हे प्रेक्षक पुरते जाणून असतो. ओठ न हलविणारा वक्ता त्यास शेजारीच दिसत असतो. किंबहुना बाहुल्याने आपल्याच धन्याची फिरकी घ्यावी, यातच प्रयोगाची खुमारी आहे. फसवणूक आहे खरी, पण ती उभयपक्षी मान्य आहे.

हा शेजारचा माणूस नाहीसा झाला तर? महेश कोठारे यांच्या 'झपाटलेला' (१९९३) या चित्रपटाने हा प्रश्न फार पूर्वी विचारून ठेवला आहे. तो केवळ करमणुकीचा म्हणून बाजूस सारणे योग्य नव्हे. त्याचा नायक शब्दभ्रमाचाच नाद असलेला, आणि त्याच्या बाहुल्यात तात्या विंचू या गुन्हेगाराचा आत्मा शिरतो. भयाचे स्थान चित्रपटाने अचूक हेरले. उत्तर मात्र स्वस्तात दिले. आत्मा म्हटला की वक्ता सापडलाच! यंत्राचे वाक्य असंख्यांच्या लेखनातून घडते. तेथे असा एक वक्ता दाखविता येत नाही.

आणि तरीही मराठी त्याला व्यक्ती करून सोडते. इंग्रजीत प्रथमपुरुषी क्रियापदास लिंग नाही. आपल्याकडे 'सांगतो' की 'सांगते' हे ठरवावेच लागते. (कोल्हापूरकडे स्त्रियाही 'जातो' म्हणतात, ही गोष्ट वेगळी.) अर्धवटरावांचे पुरुषपण 'राव' या उपपदात आणि देहात उघड आहे. देहहीन यंत्राला ते एका प्रत्ययाने मिळते, आणि ऐकणारा नकळत त्याला 'तो' किंवा 'ती' म्हणू लागतो. मराठी माणसाच्या या नात्याचा विचार मानसशास्त्रापूर्वी व्याकरणात व्हावयास हवा, असे मला वाटते.

१९६६ साली जोसेफ वायझेनबाउम यांनी 'एलायझा' हा संभाषण करणारा कार्यक्रम प्रसिद्ध केला. तो त्यांच्या हातून घडताना त्यांची सचिव कित्येक महिने पाहत होती. त्याच्याशी दोन-चार वाक्ये बोलून होताच तिने वायझेनबाउम यांनाच खोलीबाहेर जावयास सांगितले.